स्पीकरच्या कोनमधला नको तो अनुनाद कसा आवरावा: कागदाच्या पट्टीपासून डोपिंगपर्यंत

स्पीकरच्या कोनचा, म्हणजे पुढे-मागे हलून आवाज काढणाऱ्या शंकूसारख्या पडद्याचा, विषय निघाला की चर्चा लगेच मटेरियलवर जाते. कागद बरा की केव्हलार, अॅल्युमिनियम चांगलं की पॉलिप्रॉपिलीन. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा आहे. कोन कशाचाही केला तरी तो कुठल्या ना कुठल्या फ्रीक्वेन्सीला वाकणारच, कारण बिनवजनाचा आणि अजिबात न वाकणारा पदार्थ अस्तित्वात नाही. तेव्हा आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात: तो कुठे वाकायला लागेल हे ठरवणं, आणि वाकल्यावर त्या हालचालीतली ऊर्जा कुठे जिरेल याची सोय करणं. आकार, कड, जाडी, गोंद, डोपिंग (कोनवर कंपन जिरवणारा लेप लावणं) या सगळ्या बाबी या दोन कामांसाठीच असतात.

पुढचे सगळे आकडे एकाच उदाहरणावर धरले आहेत: साडेसहा इंची मिड-वूफर (खालचे आणि मधले सूर वाजवणारा स्पीकर), सराउंडच्या (कोनच्या कडेभोवतीच्या लवचिक कड्याच्या) चिकटपट्टीपर्यंत कोनची त्रिज्या ६० मिमी, कोनला ढकलणारी व्हॉइस कॉइल ३२ मिमी व्यासाची, एकूण हलणारं वजन १४ ग्रॅम, आणि क्रॉसओव्हर (जिथून वरचे सूर फिल्टर दुसऱ्या स्पीकरकडे वळवतो ती फ्रीक्वेन्सी) २.२ किलोहर्ट्झच्या आसपास. तुमचा ड्रायव्हर, म्हणजे स्पीकरचं सुटं युनिट, वेगळा असेल तर आकडे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

कोन वाकतो तेव्हा काय होतं

खालच्या फ्रीक्वेन्सीला कोन अख्खा एकसंध पुढे-मागे होतो. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी मूव्हिंग कॉइल स्पीकरची जी मांडणी प्रसिद्ध केली, तिचा पायाच हा आहे. फ्रीक्वेन्सी वाढली की मात्र कॉइलने दिलेला धक्का कडेपर्यंत पोचायला वेळ लागतो. लाट मानेपासून (कोन कॉइलला जोडलेला असतो तिथून) कडेकडे जाते, सराउंडवर आपटून परत येते, आणि येणारी-जाणारी लाट जुळली की उभी लाट तयार होते. यालाच ब्रेकअप म्हणतात.

ब्रेकअपच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून त्या ओळखता यायलाच हव्यात. पहिलीत कोन वर्तुळावर्तुळांनी हलतो: मधलं कडं पुढे असेल तेव्हा बाहेरचं कडं मागे. इथे पूर्ण वर्तुळ एकत्र ढकललं जात असल्याने आवाज भरपूर निघतो, आणि फ्रीक्वेन्सीनुसार आवाजाची पातळी दाखवणाऱ्या आलेखात दिसणारा उंच सुळका बहुतेक वेळा याचाच असतो. दुसरीत कड लहरी लहरी होते, घंटेच्या ओठासारखी: एक पाकळी पुढे, शेजारची मागे. शेजारच्या पाकळ्या एकमेकींचा आवाज मारतात, म्हणून समोरच्या मायक्रोफोनला हे कंपन फार दिसत नाही. पण ते कितीतरी आधी, काही कोनमध्ये तर काही शे हर्ट्झलाच सुरू होतं.

घंटा-कंपनाबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. कोन पूर्ण सममित असेल आणि कॉइल सरळ ढकलत असेल, तर ही कंपनं उठायला कारणच नसतं. ती उठतात असमतोलामुळे: जाडी एका बाजूला जास्त, कॉइल किंचित तिरकी, किंवा कॉइलला वीज आणणाऱ्या जोडतारेच्या टाक्यावर टाकलेला गोंदाचा ठिपका. त्यामुळे पहिला उपाय फुकटचा आहे. तारेचा टाका शक्य तितका मानेजवळ घ्या, दोन्ही तारा समोरासमोर आणा आणि दोन्ही ठिपके सारख्या वजनाचे ठेवा.

याखेरीज सराउंड स्वतःही अनुनाद करतं. साडेसहा ते आठ इंची ड्रायव्हरच्या आलेखात ८०० ते १५०० हर्ट्झच्या पट्ट्यात जो खड्डा दिसतो, तो पुष्कळदा कोनचा नसतो. तिथे सराउंड कोनच्या उलट दिशेला हलत असतं. मटेरियल बदलूनही खड्डा जागचा हलत नाही, अशी तक्रार असेल तर कारण हेच.

आधी बाजू ठरवा

मार्ग दोन आहेत. कोन इतका ताठ करायचा की ब्रेकअप आपल्या कामाच्या पट्ट्याच्या बराच वर जाईल, मग तो कितीही तिखट असो. किंवा ब्रेकअप पट्ट्यात येऊ द्यायचा, पण इतका दमवलेला की आलेखात नुसती लाट दिसावी, सुळका नाही.

बीबीसीच्या संशोधन विभागाने दुसरा रस्ता धरला. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी कागद सोडून बेक्स्ट्रीन हे प्लास्टिक घेतलं. कागदाची प्रत दर घाण्याला बदलते, प्लास्टिकची बदलत नाही, हे त्यामागचं मुख्य कारण. पण बेक्स्ट्रीनचं स्वतःचं डॅम्पिंग (कंपन जिरवण्याची क्षमता) अपुरं होतं, म्हणून त्यावर डोप लावावं लागे. बीबीसीच्या एलएस३/५ए या छोट्या मॉनिटर स्पीकरमधला केईएफ कंपनीचा बी११० ड्रायव्हर असाच डोप लावलेला आहे. पुढे तिथल्याच ह्यू हारवुड यांनी पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणला, ज्याला डोपची गरज उरली नाही. दुसऱ्या टोकाला धातूचे कोन आहेत. आणि बी अँड डब्ल्यू या स्पीकर कंपनीने सत्तरच्या दशकापासून वापरलेलं विणलेलं केव्हलार या दोहोंच्या मध्ये बसतं: विणीच्या धाग्याच्या दिशेने ताठरपणा एक आणि तिरप्या दिशेने वेगळा, त्यामुळे लाटांचं वर्तुळ मोडतं आणि सगळं कडं एकाच वेळी अनुनाद करत नाही. त्यांनीही २०१५ साली आपल्या वरच्या मालिकेतलं केव्हलार काढलं.

स्वतः ड्रायव्हर बनवणाऱ्याला किंवा सुधारणाऱ्याला मी दुसरा रस्ता सुचवेन. धातूचा कोन चुका माफ करत नाही. एक सुळका राहिला तर तो क्रॉसओव्हरला आयुष्यभर पुरतो.

पट्टीची चाचणी

कोनचं गणित एका आकड्याभोवती फिरतं: त्या पदार्थात आवाज किती वेगाने जातो. ताठरपणाला घनतेने भागून वर्गमूळ घेतलं की हा वेग मिळतो. धातूंचे आकडे पुस्तकातले घ्या, ते बरोबर असतात. कागद आणि प्लास्टिकचे मात्र स्वतः मोजा, कारण कागदाचा ताठरपणा लगदा किती कुटला, किती दाबला, यावर दुपटीनेही बदलतो.

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कोनमधून, मानेकडून कडेकडे जाणारी ५ मिमी रुंद पट्टी धारदार पात्याने कापा. रुंद पट्टीत कोनची गोलाई शिल्लक राहते आणि ती खोटा ताठरपणा दाखवते, म्हणून ५ मिमीच. एक टोक दोन सपाट धातूच्या तुकड्यांत घट्ट आवळा आणि ५० मिमी मोकळी ठेवा. साडेसहा इंची कोनचा उतार जेमतेम तेवढाच लांब असतो, त्यामुळे आवळायला जागा उरत नसेल तर ४० मिमीवर काम भागवा, किंवा त्याच लगद्याचा सपाट तुकडा मिळवा. आता टोकाच्या एका बाजूला छोटी टॉर्च आणि दुसऱ्या बाजूला खेळण्यातला सोलर सेल अशा बेताने ठेवा की पट्टीच्या टोकाची सावली सेलवर अर्धी पडेल. सेलच्या दोन तारा साउंड कार्डच्या लाइन-इनला जोडा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि पट्टीला नखाने हलकी टिचकी मारा. टॉर्च बॅटरीवरची हवी. विजेच्या दिव्याची गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये घुसते.

पडद्यावर विझत जाणारी लाट दिसेल. तिच्यातून दोन गोष्टी वाचायच्या.

एक, फ्रीक्वेन्सी. वेग = फ्रीक्वेन्सी × लांबीचा वर्ग ÷ (०.१६१५ × जाडी), सगळी मापं मीटरमध्ये. समजा ०.५ मिमी जाड कागदाची ५० मिमी पट्टी ५९ हर्ट्झला हलली. मग वेग आला सेकंदाला सुमारे १८३० मीटर. मध्यम ताठ कागदाला हा आकडा शोभतो. जाडी मोजताना मायक्रोमीटरने कागद दाबला जातो, तेव्हा चार-पाच ठिकाणी हलक्या हाताने मोजून सरासरी घ्या. इथे दहा टक्के चूक झाली तर वेगातही दहा टक्के येते.

दोन, डॅम्पिंग. लाटेची उंची अर्धी व्हायला किती आवर्तनं लागली ते मोजा आणि ०.२२ ला त्या संख्येने भागा. आलेला आकडा म्हणजे लॉस फॅक्टर, पदार्थ कंपनाची ऊर्जा किती जिरवतो त्याचं माप. साडेपाच आवर्तनांत अर्धी झाली तर ०.०४. आवळलेलं टोक ढिलं असेल तर हा आकडा फसवा मोठा येतो, म्हणून पट्टी सोडवून, पुन्हा आवळून मोजा. दोन्ही वेळा जुळला तरच धरा.

प्लास्टिकच्या बाबतीत पट्टी २० मिमी करून पुन्हा एकदा मोजा. फ्रीक्वेन्सी सहापटीच्या वर जाते, आणि त्यातून काढलेला वेग पहिल्यापेक्षा जास्त आला तर नवल नाही. प्लास्टिक जलद हालचालीला अधिक ताठ वागतं. कागद दमट हवेत नरम पडतो, हेही ध्यानात ठेवा. पावसाळी दिवशी घेतलेलं माप कोरड्या दिवसाच्या मापाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

आकड्यावरून ब्रेकअपचा अंदाज

वर्तुळी ब्रेकअप कडेपाशी साधारण कुठे सुरू होईल, याचं ढोबळ सूत्र असं: वेग × (कोनची भिंत अक्षाशी जितक्या अंशांत आहे त्याचा कोसाइन) ÷ (२ × ३.१४ × कडेची त्रिज्या). आपल्या उदाहरणात भिंत अक्षापासून ६० अंशांवर आहे असं धरू. निरनिराळ्या पदार्थांसाठी हिशेब असा येतो:

| पदार्थ | ताठरपणा (गिगापास्कल) | घनता (ग्रॅम/घनसेमी) | वेग (मी/से) | ब्रेकअपची सुरुवात (हर्ट्झ) | सारख्या वजनात वाकण्याला विरोध |
|---|---|---|---|---|---|
| कागद | २ | ०.६ | १८३० | २४२० | ९.३ |
| पॉलिप्रॉपिलीन | १.५ | ०.९ | १२९० | १७१० | २.१ |
| अॅल्युमिनियम | ७० | २.७ | ५०९० | ६७५० | ३.६ |
| मॅग्नेशियम | ४५ | १.७४ | ५०९० | ६७५० | ८.५ |
| टायटॅनियम | ११० | ४.५ | ४९४० | ६५६० | १.२ |

कागद आणि प्लास्टिकच्या ओळी नमुन्यादाखल आहेत. तुमच्या पट्टीचा आकडा आला की तो तिथे घाला.

हा तक्ता जरा निरखून पाहण्यासारखा आहे. अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि टायटॅनियम या तिघांतही वेग जवळजवळ सारखाच, म्हणजे महागडा धातू घेऊन वर्तुळी ब्रेकअप वर सरकत नाही. फरक पडतो तो शेवटच्या रकान्यात. तिथे ताठरपणाला घनतेच्या घनाने भागलं आहे, कारण वजन तेच ठेवायचं तर हलका पदार्थ जाड घेता येतो आणि वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. ०.५ मिमी कागदाच्या वजनात अॅल्युमिनियम जेमतेम ०.११ मिमी जाड बसतं. त्यामुळे घंटा-कंपनांच्या बाबतीत साधा कागद अॅल्युमिनियमला अडीचपट मागे टाकतो! शंभर वर्षं होत आली तरी कागद बाजारातून गेलेला नाही, त्याचं एक मोठं कारण या रकान्यात आहे. दुसरं कारण डॅम्पिंग: कागदाचा लॉस फॅक्टर ०.०२ ते ०.०६ च्या घरात, पॉलिप्रॉपिलीनचा ०.०५ ते ०.१, तर धातूंचा सहसा ०.००५ च्याही खाली.

कागदाचा २४२० हर्ट्झ हा आकडा आपल्या २.२ किलोहर्ट्झच्या क्रॉसओव्हरला अगदी चिकटून आहे. तेव्हा या ड्रायव्हरमध्ये कागद घेतला तर ब्रेकअपला टाळता येणार नाही, त्याला दमवावंच लागेल. अॅल्युमिनियम घेतलं तर दीड सप्तकाहून थोडं जास्त अंतर मिळतं. कामचलाऊ, ऐसपैस नाही.

आकार

उतार हा सर्वांत स्वस्त ताठरपणा आहे. भिंत ६० ऐवजी ५० अंशांवर आणली तर ब्रेकअप २४२० वरून ३११० हर्ट्झवर जातो, वजन फारसं न वाढवता. पण कोनची खोली २५ मिमीवरून ३७ मिमी होते. खोल कोनमध्ये मानेपासून आणि कडेपासून निघालेला आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतो. ३७ मिमी म्हणजे साधारण ४.६ किलोहर्ट्झची अर्धी तरंगलांबी. तिथे खाचा पडायला लागतात. २.२ किलोहर्ट्झला कापणार असाल तर हे चालून जातं, ५ किलोहर्ट्झपर्यंत वाजवणार असाल तर नाही.

भिंत सरळ ठेवायची की वक्र? सरळ भिंतीचा पहिला ब्रेकअप सर्वांत उंच जातो, पण आला की एकदम येतो. तुतारीसारखी बाहेर उघडत जाणारी वक्र भिंत आधी सैल पडते, पण कडेकडून मानेकडे क्रमाक्रमाने, आणि आलेख गुळगुळीत राहतो. शिवाय वक्रतेमुळे घंटा-कंपनांना विरोध वाढतो. धातूला सरळच्या जवळची आणि कागदाला वक्र भिंत, असा माझा कल आहे.

कॉइलचा व्यास वाढवला की न आधारलेली भिंत आखूड होते. सपाट तबकडीच्या बाबतीत याचं टोकाचं उदाहरण मिळतं: मोकळ्या गोल तबकडीच्या पहिल्या वर्तुळी कंपनात त्रिज्येच्या ०.६८ वर एक स्थिर वर्तुळ असतं. कॉइल तिथेच जोडली तर ते कंपन उठतच नाही. कोनला हा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही, पण दिशा तीच. किंमत अर्थात वजनाची.

डस्ट कॅपकडे, म्हणजे कोनच्या मधोमध बसवलेल्या टोपीकडे, दुर्लक्ष करू नका. मोठी, उलटी, भिंतीवर रुंद गोंदाने बसवलेली कॅप कोनच्या मधल्या भागाला तुळईसारखा आधार देते. कॉइलच्या तोंडावर बसवलेली छोटी कॅप भिंतीला आधार देत नाही, आणि धातूची असेल तर स्वतःचा वेगळा सुळका काढते. मऊ कापडी कॅप ध्वनीच्या दृष्टीने जवळजवळ तटस्थ, अट एवढीच की आतल्या हवेला चुंबकाच्या मधल्या पोलच्या छिद्रातून वाट हवी.

फासळ्या टाकायच्या असतील तर विषम संख्येने आणि असमान अंतरावर टाका. सहा सारख्या फासळ्या म्हणजे घंटा-कंपनाला सहा तयार खुंट्या. स्कॅन-स्पीकने आपल्या काही कागदी कोनवर चिरा पाडून त्या डॅम्पिंगच्या गोंदाने भरल्या, त्यातही हेतू हाच: लाटेला वाटेत अडवायचं आणि अडवल्या जागी जिरवायचं.

कड, सराउंड आणि सांधे

सगळ्यात जास्त फायदा याच चिंचोळ्या पट्टीत दडलेला असतो. मानेकडून आलेली लाट सराउंडने गिळली तर ती परतच येत नाही, आणि परतीची लाट नसेल तर उभी लाट बनत नाही. त्यासाठी सराउंडचं रबर जास्त लॉसचं हवं. ब्युटाइलसारखं, दाबून सोडलं की आळसावल्यासारखं परत येणारं. उडी मारणारं रबर सराउंडला वाईट.

सराउंडच्या रुंद रोलमुळे, म्हणजे फुगीर वळीमुळे, कोनला प्रवास जास्त मिळतो, पण रोल जड होतो आणि १ किलोहर्ट्झचा खड्डा खाली सरकून खोल होतो. खरोखर १० मिमी प्रवास हवा आहे का, हे स्वतःला विचारा. मिड-वूफरला पुष्कळदा निम्मा पुरतो आणि रोल अरुंद करता येतो. पातळ रोल आणि त्याच्या मागच्या बाजूला चिकट डॅम्पिंगचा एक हलका हात, हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो.

कड आणि सराउंड यांच्यातला गोंद सुकल्यावर काचेसारखा टणक होणारा नको, लवचिक हवा. मानेपाशी बरोबर उलटं. तिथे कॉइलचा फॉर्मर (ती गुंडाळलेली नळी), कोन आणि स्पायडर (कॉइलला मधोमध धरणारी वळ्यांची चकती) एकत्र येतात आणि तो सांधा ताठच पाहिजे. मानेचा गोंद मऊ असेल तर कॉइल आणि कोन यांच्यामध्ये स्प्रिंग बसवल्यासारखं होतं: वरच्या टोकाला एक उंचवटा आणि त्यापुढे आलेख कोसळतो.

नमुना बनला, आता गुन्हेगार शोधा

सिम्युलेशन करणार असाल तर एक इशारा: अर्धा छेद फिरवून बनवलेल्या मॉडेलमध्ये घंटा-कंपनं दिसतच नाहीत. त्यासाठी पूर्ण त्रिमितीय जाळी लागते. कॅल्क्युलिक्स हे मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरतं, पण त्यात घातलेले आकडे पट्टीच्या चाचणीतलेच असू द्या.

खऱ्या ड्रायव्हरवर पहिलं माप इम्पिडन्सचं, म्हणजे दर फ्रीक्वेन्सीला विद्युतप्रवाहाला होणाऱ्या विरोधाचं, घ्या, बारीक पायऱ्यांनी. वळणावर दिसणारी छोटी सुरकुती म्हणजे कोन किंवा सराउंड कॉइलवर परत धक्का देत असल्याची खूण. मग समोरून आलेख घ्या, ४ मिलिसेकंदांच्या गेटने (पहिले ४ मिलिसेकंदच धरून, म्हणजे खोलीतले प्रतिध्वनी गळतात); बारकावा २५० हर्ट्झचा मिळतो, तो ब्रेकअपसाठी पुरेसा आहे. तोच आलेख १५, ३० आणि ४५ अंशांवरून घ्या. मायक्रोफोन सरकवल्यावर सुळका त्याच फ्रीक्वेन्सीला राहिला आणि इम्पिडन्समध्येही तिथे सुरकुती असेल तर तो अनुनाद. जागा बदलत असेल तर ती बॉक्सच्या कडेवरून येणारी किंवा खोलीतली गडबड आहे, कोनला हात लावू नका.

अनुनाद ठरला की जागा शोधायची. सुळक्याच्या फ्रीक्वेन्सीवर हलका साइन टोन लावा, १ व्होल्टच्या आत. लहान कॅप्सूलचा मायक्रोफोन पृष्ठभागापासून ३ ते ५ मिमीवर धरून मानेपासून कडेपर्यंत दर ५ मिमीला पातळी आणि फेज (लाट त्या क्षणी आवर्तनाच्या कुठल्या टप्प्यावर आहे) लिहून काढा. जिथे फेज एकदम उलटते तिथे स्थिर वर्तुळ आहे. मग कडेवरून गोल फिरा, दर १५ अंशांना एक नोंद. पातळी चढ-उतार करत असेल तर पाकळ्या मोजा, ते घंटा-कंपन.

याहून झटपट एक रीत आहे. टोन चालू ठेवून, मायक्रोफोन समोर स्थिर ठेवून, सराउंडला बोटाच्या टोकाने अगदी अलगद स्पर्श करत फिरा. १ किलोहर्ट्झचा खड्डा बोट लावताच भरून आला तर आरोपी सराउंड. तिथे काही न होता बोट कोनच्या बाहेरच्या तिसऱ्या भागावर येताच सुळका खाली बसला, तर डोपिंग कुठे करायचं ते कळलं.

डोपिंग

डोपिंगबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे कोणताही लेप चालतो. सुकून टणक होणारं लॅकर डॅम्पिंग देत नाही, ताठरपणा देतं. सुळका सरकतो, बसत नाही. लेप कायम किंचित नरम राहणारा हवा. काचेवर एक थेंब सुकवून नखाने दाबा: खूण उमटून हळूहळू भरली तर तो कामाचा. पाण्यातलं प्लास्टिसायझर घातलेलं पीव्हीए, मऊ अॅक्रिलिक, किंवा ब्युटाइल रबराचं द्रावण, यांपैकी जे जमेल ते. प्लास्टिकच्या कोनवर द्रावणातलं सॉल्व्हंट आधी तुकड्यावर तपासा.

लेप थेट कोनवर कधीच लावायचा नाही. आधी तीच ५ मिमीची पट्टी रंगवा आणि टिचकीची चाचणी पुन्हा करा. साडेपाच आवर्तनांऐवजी दोनच आवर्तनांत लाट अर्धी झाली, म्हणजे लॉस फॅक्टर ०.०४ वरून ०.११ झाला. एवढा फरक आला तर लेप लावण्यात अर्थ आहे. चार आवर्तनांवर अडला असेल तर लेप बदला.

आता कोन. ड्रायव्हर उताणा ठेवा, कॉइलभोवतीच्या फटीत काही पडणार नाही अशा बेताने डस्ट कॅपभोवती कागदाचं कडं ठेवा. लेपाची वाटी ब्रशसकट ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर ठेवून वजन लिहा. मऊ, सपाट ब्रशने फक्त बाहेरचा तिसरा भाग, म्हणजे आपल्या उदाहरणात कडेपासून आत १५ मिमी, एका दिशेने गोल फिरवत पातळ रंगवा. सुरुवात आणि शेवट जिथे मिळतो तिथे जाड थर साचतो, तो ब्रशच्या कोरड्या टोकाने ओढून घ्या. नाहीतर असमतोल आपणच तयार करतो. वाटी आणि ब्रश पुन्हा काट्यावर ठेवा: जितकं कमी झालं तितकं कोनवर गेलं. त्यातलं पाणी उडून जाईल, म्हणून सुक्या लेपाचं प्रमाण काचेवरच्या थेंबावरून आधीच काढून ठेवा. चोवीस तास सुकू द्या, मोजा, मगच दुसरा हात.

वजनाची किंमत अशी पडते: १४ ग्रॅमचे १५ झाले तर संवेदनशीलता ०.६ डेसिबलने घटते आणि ४५ हर्ट्झची मूळ अनुनाद फ्रीक्वेन्सी साडेत्रेचाळीसवर येते. एक ग्रॅमपर्यंत मी बिनदिक्कत जाईन. दोनच्या पुढे जायची वेळ आली तर चूक लेपात नाही, आकारात किंवा सराउंडमध्ये आहे, मागे जा. आणि जोडीतले दोन्ही ड्रायव्हर एकाच वेळी, एकाच वाटीतून, वजन जुळवून रंगवा.

फिल्टरवर किती सोपवायचं

वर्तुळी ब्रेकअपचा सुळका क्रॉसओव्हरमध्ये नॉच (तेवढीच फ्रीक्वेन्सी दाबणारा फिल्टर) टाकून खाली आणता येतो, समोरून तरी. बाजूने ऐकताना तो सुळका वेगळ्या उंचीचा असतो, त्यामुळे एका जागी बसवलेला नॉच दुसऱ्या जागी कमी किंवा जास्त पडतो. पण खरी अडचण विकृतीची आहे. अॅल्युमिनियमच्या कोनचा सुळका ६.७५ किलोहर्ट्झला आहे असं समजा. २.२५ किलोहर्ट्झचा सूर वाजला की मोटर आणि कॉइल त्याचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रीक्वेन्सीचा सूर, स्वतःच तयार करतात, तो नेमका ६.७५ वर येतो, आणि कोन त्याला दहा-पंधरा डेसिबलने उचलून धरतो. १.३५ किलोहर्ट्झच्या पाचव्या हार्मोनिकचंही तेच. हे फिल्टरच्या पुढे घडत असल्याने सिग्नल कापून ते जात नाही. कॉइलच्या सिरीजमध्ये त्या फ्रीक्वेन्सीला ट्यून केलेला समांतर एलसी ट्रॅप (इंडक्टर आणि कपॅसिटरची जोडी) टाकला तर तिथला विद्युतप्रवाह अडतो आणि हार्मोनिक काही प्रमाणात दबतो. सक्रिय क्रॉसओव्हर आणि थेट जोडलेला अॅम्प्लिफायर यांत ती सोय नसते.

म्हणून शेवटची चाचणी नेहमी हार्मोनिक विकृतीची स्वीप, म्हणजे खालपासून वरपर्यंत सरकत्या सुराने घेतलेलं माप. रूम ईक्यू विझार्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती एका क्लिकवर होते. ब्रेकअपच्या फ्रीक्वेन्सीला तीनने आणि पाचने भागा आणि नेमक्या त्या जागी तिसऱ्या-पाचव्या हार्मोनिकच्या रेषेत टेकाड आहे का ते पाहा. तिसऱ्याचं टेकाड दिसलं आणि ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा ड्रायव्हर) झेपवत असेल तर क्रॉसओव्हर १.६ किलोहर्ट्झपर्यंत उतरवा, म्हणजे २.२५ ची जागा उताराच्या पलीकडे जाते. ट्वीटरला ते झेपत नसेल तर कोन उतरवून पुन्हा सराउंडच्या सांध्यापासून सुरुवात करा.